मण्यारीचा दंश, न दिसलेला साप आणि एक नळी : सत्तरीतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका सरकारी आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी होतो, तेव्हाची ही हकिकत. रुग्ण, त्याचा गाव, केंद्र आणि पुढचं रुग्णालय ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वेळा आणि औषधांच्या मात्रा मात्र माझ्या टिपणवहीत होत्या तशाच ठेवल्या आहेत, कारण या प्रकरणात सगळं काही वेळेवरच अडलं.

रुग्ण चोवीस वर्षांचा, औषधांच्या कारखान्यात पाळीवर काम करणारा, अंगानं सडपातळ, पूर्वीचा कसलाही आजार नाही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सुट्टी टाकून घरी आला होता. घर जुनं, चिऱ्यांचं. मागं कुळागर, बाजूला पावसाळ्यासाठी रचलेली लाकडं. दुसऱ्या दिवशीची रात्र. गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीखाली भजन, मग आरत्या, मग फुगड्या. एक वाजता घर शांत झालं. पाहुण्यांनी खोल्या भरलेल्या, म्हणून घरची तरुण मुलं ओसरीवर चटया टाकून झोपली. बाहेर पाऊस.

मण्यारीला याहून सोयीचं घर सापडणार नाही. ती निशाचर. धान्य, नारळ आणि लाकडांच्या मागं उंदीर येतात, पाली येतात, लहान साप येतात, आणि त्यांच्या मागं ती. दिवसा इतकी मवाळ की वेटोळ्यात डोकं खुपसून बसते, आणि रात्री झोपलेल्याचा हात अंगावर पडला की चावते. दात बारीक. दंशाची जागा सुजत नाही, काळी पडत नाही, बऱ्याचदा दुखतही नाही. झोपलेला माणूस कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो.

अडचण कशी उभी राहिली

साडेचारच्या सुमारास त्याला पोटात कळ येऊन जाग आली. एकदा उलटी झाली. आईनं ओवा चावायला दिला, वर गरम पाणी. नेवऱ्या जास्त झाल्या असणार, असं घरातल्या सगळ्यांचं एकमत झालं. चवथीच्या घरात पहाटे पोट दुखणाऱ्याबद्दल दुसरं कोण काय म्हणणार?

कळ थांबेना म्हणून पावणेसहाला चुलतभावानं त्याला दुचाकीवरून जवळच्या एका खासगी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी झोपेतून उठून दार उघडलं, पोट तपासलं, आम्लपित्ताचं आणि कळ थांबवणारं अशी दोन इंजेक्शनं दिली आणि घरी पाठवलं. त्यांची चूक काढायला हा लेख नाही. पोट मऊ होतं, ताप नव्हता, घरात सणाचं जेवण झालेलं. मीही कदाचित तेच केलं असतं.

सातला त्याच्या पापण्या जड झाल्या. घरचे म्हणाले, जागरण झालंय. साडेसातला जीभ अडखळू लागली. एका काकांनी बाजूला घेऊन दटावून विचारलं, रात्री बाहेर जाऊन घेऊन आलास काय रे? तो नाही म्हणाला. पण ते ‘नाही’ असं घोगरं आणि नाकातून आलं की काकांचा संशय पक्का झाला. त्याला अंथरुणावर पाडलं, झोपू द्या म्हणाले. आईला मात्र एक गोष्ट खटकली. पाणी पाजताना ते नाकातून बाहेर आलं होतं. दारू प्यायलेल्याच्या नाकातून पाणी येत नाही, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिनं गाडी काढायला लावली.

आठ वाजून दहा मिनिटांनी ते आमच्या केंद्रात पोचले. दंश बहुधा पावणेचारच्या आसपासचा, म्हणजे साडेचार तास उलटले होते. यातला वाटेत गेलेला वेळ अर्ध्या तासाहून जास्त नव्हता. बाकीचा सगळा एकेक पटणारं कारण सापडण्यात गेला.

केंद्रात काय दिसलं

तो शुद्धीवर होता. डोळे अर्धे मिटलेले. ‘वर बघ’ म्हटलं की कपाळाला आठ्या पडत, पापण्या उठत नसत. बुबुळं धड फिरत नव्हती. तोंडात लाळ साठली होती आणि ती गिळता येत नव्हती. उशीवरून डोकं उचल म्हटलं तर उचललं जाईना. हातापायांत जोर अजून बरा होता. नाडी ११६, रक्तदाब १५८/९६, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९७ टक्के. एक खोल श्वास घेऊन मोठ्यानं आकडे म्हणायला लावले. निरोगी तरुण एका श्वासात तीसच्या पुढे सहज जातो. तो चौदावर थांबला.

साप कुणी पाहिला नव्हता. अंगावर खूण दिसेना. रक्त काचेच्या कोऱ्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं. ते व्यवस्थित गोठलं, म्हणजे घोणस किंवा फुरशासारखा रक्त बिघडवणारा प्रकार दिसत नव्हता.

हाताशी असलेल्या शक्यता पटापट चाळल्या. कीटकनाशकाची विषबाधा? त्यात बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, घाम आणि स्राव वाहतात. इथं बाहुल्या उलट मोठ्या होत्या. बोट्युलिझम, म्हणजे खराब अन्नातल्या जंतूंच्या विषानं होणारा पक्षाघात? पक्षाघात वरून खाली उतरणं त्याच्याशी जुळतं, पण तेच जेवलेली वीस माणसं ठणठणीत होती, आणि तो आजार इतका घाईनं चढत नाही. गीयाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार बहुधा पायांकडून वर चढतो आणि दिवस घेतो. मायस्थेनिया हा स्नायू दुबळे करणारा आजार एका रात्रीत असा कोसळत नाही. उरलं काय, तर पावसाळा, जमिनीवरची झोप, पहाटेची पोटकळ आणि मग पापण्या. ही चौकट पूर्ण जुळली की मण्यार गृहीत धरायची. खूण सापडो न सापडो.

नंतर भिंग आणि विजेरी घेऊन सिस्टरनं उजव्या कोपरामागं दोन बारीक ठिपके दाखवले. डासाचेही असू शकतील असे. मी ते टिपले, पण त्यांच्यावर निर्णय सोडला नाही.

शरीरात काय चाललं होतं

पुढचे निर्णय बरोबर की चूक हे ठरवायला एवढं शास्त्र लागतं.

गोव्यात राहणाऱ्याला हे फेरीबोटीवरून समजतं. मज्जातंतू म्हणजे धक्क्यापर्यंत येणारा रस्ता. पलीकडच्या काठावर स्नायू. मध्ये नदी, म्हणजे जेमतेम ५० नॅनोमीटरची फट, पण विजेचा संदेश ती ओलांडू शकत नाही. अलीकडच्या धक्क्यावर अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सूक्ष्म पिशव्यांत भरून तयार असतं. संदेश आला की मज्जातंतूच्या टोकात कॅल्शियम शिरतं, पिशव्या रिकाम्या होतात, रसायन पलीकडे जातं आणि स्नायूवरच्या ग्राहकांना (रिसेप्टरना) जाऊन बसतं. स्नायू आकसतो. लगेच एक विकर ते रसायन तोडून टाकतं आणि धक्का पुढच्या फेरीला मोकळा होतो.

नागाचं विष मुख्यतः पलीकडचा धक्का अडवतं. त्यातली विषद्रव्यं ग्राहकांवर जाऊन बसतात, म्हणजे बोटी येतात पण उतरायला जागा नसते. इथं निओस्टिग्मीन कामाला येतं. ते रसायन तोडणाऱ्या विकराला रोखतं, त्यामुळे काठावर अ‍ॅसिटिलकोलीनची गर्दी वाढते आणि जे थोडे ग्राहक मोकळे आहेत ते गाठले जातात.

मण्यारीकडे ग्राहक अडवणारी विषद्रव्यंही आहेत, पण तिचं खरं हत्यार वेगळं. बीटा-बंगारोटॉक्सिन जातीची विषद्रव्यं अलीकडच्या धक्क्यावर, खुद्द मज्जातंतूच्या टोकावर हल्ला करतात. त्यांचा एक भाग टोकाला पकडतो, दुसरा फॉस्फोलिपेज नावाच्या विकराचा, जो पेशीच्या आवरणातली स्निग्ध द्रव्यं कापतो. आधी पिशव्या संपतात, मग टोकच मोडून पडतं. बोटी धक्क्यालाच जळाल्या, तर पलीकडे कितीही जागा असून काय उपयोग? नवं टोक उगवेपर्यंत स्नायू गप्प. त्याला दिवस लागतात, कधी आठवडे.

याच कारणानं मण्यारीत प्रतिविषाकडून फार आशा ठेवता येत नाही. प्रतिविष म्हणजे घोड्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचा अर्क. रक्तात फिरणारं विष ते पकडतं. टोकाला चिकटून आत शिरलेलं विष त्याच्या हाती लागत नाही, आणि झालेली मोडतोड तर नाहीच नाही. ते पुढचं नुकसान रोखतं. म्हणून लवकर द्यायचं.

दुसरी एक गोष्ट मला फार उशिरा नीट कळली. या नदीवर गरजेपेक्षा कितीतरी जास्त फेऱ्या चालू असतात. तीन चतुर्थांशाच्या आसपास ग्राहक अडेपर्यंत बहुतेक स्नायू तक्रारच करत नाहीत. म्हणजे साडेचार ते सात या वेळात ‘पोट सोडलं तर बरा आहे’ असा दिसणारा मुलगा आतून रिता होत होता. डोळ्यांच्या आणि पापण्यांच्या स्नायूंकडे ही शिल्लक सर्वांत कमी, म्हणून ते आधी पडतात. मग घसा, मान, छाती. पापणी पडली म्हणजे शिल्लक संपत आली.

थोडं अवांतर, पण सांगायलाच हवं. याच विषांनी वैद्यकाला मोठं देणंही दिलं आहे. १९६३ साली तैवानमध्ये चँग आणि ली यांनी तिथल्या बहुपट्टी मण्यारीच्या विषातून अल्फा आणि बीटा बंगारोटॉक्सिन वेगळी केली. अल्फा प्रकार ग्राहकाला इतका घट्ट बसतो की त्याच्याच आधारानं १९७०च्या सुमारास अ‍ॅसिटिलकोलीनचा ग्राहक पहिल्यांदा वेगळा काढता आला. मायस्थेनियाच्या रुग्णांत हे ग्राहक कमी झालेले असतात, हेही १९७३ मध्ये याच विषाच्या मदतीनं दिसलं.

आणि गोव्यापुरतं आणखी एक. आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठीच बनतं. किनाऱ्यावर जाळ्यात येणारे समुद्री साप त्यात नाहीत. त्यांच्या काही जातींचं विष स्नायूच फोडतं. अंग ठणकतं, लघवी गडद होते, मूत्रपिंडं अडतात. पश्चिम घाटातल्या नाकाड्या चापड्यावरही ते चालत नाही. सत्तरीत हा चापडा काजूच्या बागांत भेटतो, आणि तरीही लोकांना वाटतं की सापाचं इंजेक्शन म्हणजे सगळ्या सापांचं.

समोरचे पर्याय

साडेआठला माझ्यापुढे तीन वाटा होत्या.

पहिली, काहीही सुरू न करता ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. रस्ता तासाभराचा, पावसात थोडा जास्त. पण प्रतिविष तासभर मागं पडणार.

दुसरी, इथं प्रतिविष पूर्ण द्यायचं, सुधारणा दिसते का पाहायचं, मग हलवायचं. प्रतिविषावर भरवसा असलेल्यांना ही आवडते. वर सांगितलेलं शास्त्र ध्यानात घेतलं तर मण्यारीत तासाभरात सुधारणा दिसेल, ही अपेक्षाच चुकीची.

तिसरी, प्रतिविष इथं सुरू करायचं, श्वासनलिकेत नळीही इथंच घालायची आणि हातानं फुगा दाबत न्यायचं.

मी दुसरी आणि तिसरी यांच्या मधलं काहीतरी केलं. प्रतिविष सुरू, नळी नाही, आणि ते चालू असतानाच गाडीत.

काय केलं

८.३५ ला प्रतिविषाच्या १० कुप्या सलाइनमध्ये घालून शिरेतून सुरू केल्या. त्वचेची चाचणी केली नाही. तिच्यावरून पुढची ॲलर्जी ओळखता येत नाही, उगाच वेळ जातो. एका काकांनी विचारलं, साप पाहिला नाही, खूण नाही, मग इतकं औषध कशाच्या भरवशावर? मी म्हटलं, याच्या पापण्यांच्या. ते गप्प झाले, पण पटलं नव्हतं.

८.४० ला अ‍ॅट्रोपीन ०.६ मिलिग्रॅम (निओस्टिग्मीनचे दुष्परिणाम आवरायला) आणि पाठोपाठ निओस्टिग्मीन १.५ मिलिग्रॅम. न पाहिलेला साप नाग असला तर फायदा, मण्यार असली तर फारसं नुकसान नाही, असा हिशेब.

८.५० ला छातीवर गांधी उठल्या, अंग खाजू लागलं. सलाइन बंद केलं, मांडीत अ‍ॅड्रेनलीन ०.५ मिलिग्रॅम दिलं. बारा मिनिटांनी गांधी ओसरल्यावर हळू वेगानं पुन्हा सुरू केलं. अशा वेळी घाबरून प्रतिविष कायमचं बंद करणारे मी पाहिले आहेत. ते करू नये. प्रतिक्रिया हाताळता येते, प्रतिविषाला पर्याय नाही.

९.१५ ला पुन्हा आकडे म्हणायला लावले. या वेळी नऊ. पापण्या होत्या तिथंच, म्हणजे निओस्टिग्मीनला उत्तर नाही. ऑक्सिजन ९६.

माझी चूक इथं झाली. नऊ आकडे, न उचलणारी मान, साठलेली लाळ. नळी घालायला याहून जास्त काय लागतं? पण यंत्रावर ९६ होते आणि त्या आकड्यानं मला धीर दिला. ऑक्सिजन सगळ्यात शेवटी पडतो, हे मला माहीत होतं. छातीचा भाता थकला तरी तरुण फुप्फुसं तो आकडा बराच वेळ धरून ठेवतात. दुसरं कारण सांगायला जड जातं. मी नळी घातल्याला दोन वर्षं होऊन गेली होती आणि सणामुळे केंद्रात निम्मी माणसं. ‘तिथं भूलतज्ज्ञ आहेत, ते करतील’ असं मी मनाला समजावलं.

साडेनऊला निघालो. मी आणि सिस्टर मागं, आई पुढं चालकाशेजारी.

रस्त्यात

होंडा गाव ओलांडल्यावर त्याच्या घशातून घरघर येऊ लागली. लाळ आत जात होती. छाती हलायची थांबली आणि पोट उलटं हलू लागलं. आकडा ९६ वरून ८१ वर यायला दोन मिनिटंही लागली नाहीत. चालकाला गाडी कडेला घ्यायला सांगितलं.

पाऊस छतावर ताशा वाजवत होता. लाळ ओढणारं यंत्र कमी दाबाचं. सिस्टरनं विजेरी धरली, मी गुडघ्यावर बसून नळी घालायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा अन्ननलिकेत गेली. काढली, फुग्यानं श्वास दिला, पुन्हा. दुसऱ्यांदा बसली. ९.५५. आकडा हळूहळू चढला. उरलेला रस्ता आम्ही आळीपाळीनं फुगा दाबत गेलो, पावणेअकराला पोचलो.

नळी घालताना त्याला भुलीचं किंवा झोपेचं काहीही दिलं नव्हतं. डोळे मिटलेले, हातपाय सैल, प्रतिसाद नाही. तो बेशुद्ध आहे असं मी धरून चाललो.

अतिदक्षता विभागात

तिथं आणखी १० कुप्या दिल्या. मज्जातंतूंवरच्या विषबाधेत एकूण २० च्या पुढे जायचं नाही, असं आपल्याकडचं मार्गदर्शन सांगतं, तेवढ्यावर थांबले. या दुसऱ्या दहाचा उपयोग झाला का, यावर तिथल्या एका सहकाऱ्याचा आणि माझा आजही वाद आहे. तो म्हणतो, सहा-सात तासांनी रक्तात पकडायला उरलंच काय होतं? मी म्हणतो, दंशाच्या जागेतून विष झिरपत राहू शकतं, आणि त्या टेबलावर ‘नको’ म्हणायची हिंमत मला झाली नसती.

रक्तात पोटॅशियम कमी निघालं, ते भरून काढलं. बाकी काम व्हेंटिलेटरचं आणि परिचारिकांचं: कूस बदलणं, डोळ्यांत मलम घालून पापण्या चिकटपट्टीनं मिटवणं, नळीतली घाण ओढणं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पूर्ण सैल पडला. रिफ्लेक्स नाहीत. बाहुल्या मोठ्या आणि विजेरीला ढिम्म. एका तरुण डॉक्टरानं खाटेशी उभं राहून ‘मेंदू गेला असेल का’ असं पुटपुटलं, आणि ते नातेवाइकांच्या कानी गेलं. मण्यारीच्या दंशात हा सापळा ठरलेला आहे. बाहुल्या विषानंच लुळ्या पडतात. अशा रुग्णाला मेंदूमृत समजण्याची चूक होऊ शकते, म्हणून दंशाचा संशय असेल तर बाहुल्यांवरून निष्कर्ष काढायचाच नाही.

रात्रपाळीच्या परिचारिकेनं त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलव. डावा अंगठा हलला. किंचित, पण सांगितल्यावर हलला. पुन्हा सांगितलं, पुन्हा हलला. तिनं खाटेच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: ‘याला सगळं ऐकू येतं.’

मेलेला साप

तिसऱ्या दिवशी घरच्यांनी पिशवीतून मेलेला साप आणला. लाकडांमागं सापडला, पांढरे पट्टे आहेत, हाच तो. सर्पमित्राला दाखवला तर तो कवड्या निघाला, बिनविषारी. काकांचा जुना संशय लगेच वर आला. साप बिनविषारी होता तर इतके दिवस हे यंत्र कशाला? दुसरा काही आजार असेल, दुसरीकडे नेऊ.

कवड्या आणि मण्यार यांची गफलत सारखी होते. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे मानेनंतर थोडं अंतर सोडून सुरू होतात, शेपटीकडे स्पष्ट होतात, बहुधा जोडीजोडीनं. शिवाय तिच्या पाठीच्या कण्यावरचे खवले इतरांहून मोठे आणि षट्कोनी. हे सगळं खरं असलं तरी इथं बिनकामाचं. घराजवळ सापडलेला साप म्हणजे चावलेला साप नव्हे. तो मारताना आणखी कुणाला चावला असता तर एकाच्या जागी दोन रुग्ण झाले असते. तिथल्या डॉक्टरांनी सापाकडे पाहून उपचार बदलले नाहीत. घरच्यांना समजवायला मात्र त्यांचा पाऊण तास गेला, आणि समजलं ते फक्त आईंना.

निष्पत्ती

चौथ्या दिवशी बोटं हलली. पाचव्या दिवशी भुवया. सातव्या दिवशी नळी काढली. अकराव्या दिवशी तो चालत घरी गेला. आवाज महिनाभर बसका होता, जिना चढताना धाप लागत असे. दीड महिन्यानं कामावर रुजू झाला. दंश करणारी मण्यार शेवटपर्यंत कुणाला दिसली नाही. नळी निघाल्यावर त्यानंच सांगितलं, पहाटे कोपराला मुंगी चावल्यासारखं झालं होतं, झटकून झोपलो.

तपासणीला आला तेव्हा मला म्हणाला, “डॉक्टर, गाडीत तुम्ही दोनदा घातलं ना? पहिल्यांदा चुकलं. तुम्ही सिस्टरला म्हणालात, गेलं हातचं.”

मी खरंच तसं म्हणालो होतो. त्यानं सगळं ऐकलं होतं. छतावरचा पाऊस, पुढं बसलेल्या आईचं देवाला हाका मारणं, घशात लोखंडी पातं फिरताना झालेल्या वेदना. विभागात खाटेशी झालेली कुजबुजही. नदीवरच्या बोटी जळाल्या होत्या, गाव जागं होतं. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि त्या गाडीत मी ते विसरलो.

आता वेगळं काय करीन

नळी केंद्रातच, उजेडात, चालू असलेल्या यंत्रांसमोर. आकडे पंधराच्या आत आणि मान उचलत नाही, एवढ्यावर. बोटावरच्या आकड्याकडे न बघता. हात साधलेला नसेल तर तो साधायची जबाबदारी माझी, तिथल्या भूलतज्ज्ञाची नाही. त्यानंतर मी दर तीन महिन्यांनी शस्त्रक्रियागृहात जाऊन सराव करू लागलो.

नळीआधी झोपेचं आणि वेदनाशामक औषध. स्नायू आधीच सैल असतात, ते सैल करणारं औषध लागतही नाही, पण माणूस आत जागा असतो. आणि काय करतोय ते त्याला मोठ्यानं सांगायचं, तो ऐकत नाही असं कितीही वाटलं तरी.

निओस्टिग्मीन पुन्हाही देईन, फक्त त्याच्या उत्तराची वाट पाहत प्रवास लांबवणार नाही.

घराच्या बाजूनं सांगायचं तर मच्छरदाणी. नेपाळच्या तराईत केलेल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका कमी असल्याचं दिसलं होतं, आणि मण्यारीसारख्या रात्री घरात शिरणाऱ्या सापासाठी ते सहज पटण्यासारखं आहे. कडा चटईखाली नीट खोचलेल्या हव्यात. खाट असेल तर उत्तम. पण चवथीला वीस पाहुण्यांच्या घरात खाटा कुठून आणायच्या, हे आईंनी मला विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं सर्पदंशाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं म्हणून. त्यात प्रतिविषाचा पुरवठा आहे, प्रशिक्षण आहे, नोंदणी आहे. ओसरीवरच्या चटईचा प्रश्न गावानं गावातच सोडवायचा आहे.

राहिले ते खासगी डॉक्टर. महिन्याभरानं मी त्यांना जाऊन भेटलो. ते ओशाळले होते, थोडे चिडलेही. “पोटदुखीच्या प्रत्येक माणसाला मी पापण्या वर करायला लावू का?” मी म्हटलं, पावसाळ्यात, उजाडायच्या आधी आलेला आणि जमिनीवर झोपलेला असेल तर हो. दहा सेकंद वर बघायला लावा, आकडे म्हणायला लावा, आणि त्या वेळी ठीक वाटला तरी घरी पाठवू नका, दोन-तीन तास बाकावर बसवून ठेवा. त्यांनी ते लिहून घेतलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारलं, “आणि तुमच्या गाडीत झोपेचं इंजेक्शन होतं का?”

नव्हतं. दुसऱ्या दिवशी मागणीपत्र केलं.